फजलची हवा

नसरुद्दीन पाण्यात मेला असता तर जाफरनं समुद्राला शिव्या दिल्या असत्या, नशिबाला बोल लावला असता आणि रडूनभेकून कधीतरी गप्प झाला असता. खाडीकाठच्या घरांत बुडून मरणं ही काही कुणी कधी न ऐकलेली गोष्ट नव्हे. पण नसरुद्दीन मेला पाण्याबाहेर. धडधाकट वर आला, शिडीला हात घातला, तोंडातली रबरी नळी काढली, डोळ्यांवरची काच कपाळावर सरकवली आणि बार्जच्या काठावर उभ्या असलेल्या जाफरला काहीतरी सांगणार एवढ्यात त्याच्या तोंडून गुलाबी फेस आला. शिडीवरचा हात सुटला. चौघांनी ओढून त्याला फळ्यांवर घेतलं तेव्हा डोळे उघडेच होते, पण बघत नव्हते.

उजेडात, मोकळ्या हवेत, शिडीवर उभा असलेला माणूस मरतो कसा? जाफरच्या डोक्यात हा किडा त्याच दिवशी शिरला.

साल बासष्टचं. कतरच्या वाळवंटातलं तेल नळानं उम्म सईदच्या बंदरात यायचं आणि तिथे मोठाल्या बोटींत भरलं जायचं. त्या बोटी बांधायच्या साखळ्या समुद्राच्या तळाशी गंजत, गुंतत, तुटत. त्यांची दुरुस्ती एका इंग्रज ठेकेदाराकडे होती. ठेकेदाराचा क्रॅडॉक साहेब विलायतेहून नवीनच एक यंत्र घेऊन आला: पाठीला बांधायचा लोखंडी बाटला, त्यात ठासून भरलेली हवा, आणि ती ओढायला तोंडात धरायची नळी. हे बांधलं की माणूस पाण्याखाली घरच्यासारखा हिंडतो म्हणे. हिंडायला माणसं मात्र हवी होती, आणि ती आणली जाफरनं.

जाफर रत्नागिरीच्या खाडीकाठचा. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, ठेकेदाराच्या ऑफिसात बसणारा, आणि बार्जवर इंग्रजी कळणारा एकटाच. त्यानं आपल्या गावचे दोन गडी मागवून घेतले. एक त्याचा मेहुणा नसरुद्दीन, म्हणजे बहीण हजरा हिचा नवरा. दुसरा धाकटा भाऊ रहमान. अडकलेला नांगर सोडवायचा असो, की खडकात रुतलेलं जाळं, गावात आधी नसरुद्दीनला हाक जायची. अख्ख्या खाडीत त्याच्याइतका दम धरणारा दुसरा नव्हता. तो बुडी मारायचा, आणि काठावरच्या बायका मयताचं बोलायला लागल्यावर दात काढत वर यायचा. रहमान त्याचाच चेला.

क्रॅडॉक साहेब बोलका माणूस. एक नळ उघडायला सांगायचा तर तो नळाच्या सात पिढ्या सांगे. जाफर शांतपणे सगळं ऐकून घेई आणि खलाशांकडे वळून म्हणे, "नळ उघडा." साहेबाचं हातभर वाक्य वितीत बसवायची त्याची हातोटी होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. गोऱ्यांना बोलायला फार लागतं, काम तेवढंच असतं, असं त्याचं मत. आणि खलाशांना स्वतःचं सांगायचं तर त्याचा एकच मंत्र होता: दम धर. बोट आली नाही, दम धर. गावाकडची खबर नाही, दम धर. भात कच्चा आहे, दम धर. पोरं त्याला पाठीमागे 'दमधरभाय' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

तर नसरुद्दीन मेला त्या दुपारी किनाऱ्यावरून कंपनीचा डॉक्टर लाँचमधून आला. त्यानं छाती तपासली, तोंडातला फेस बघितला आणि साहेबाला बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगितलं. छातीत हवा फुगली, फुप्फुस फाटलं, ती हवा रक्तात गेली आणि रक्ताबरोबर मेंदूत. असा माणूस वर येऊन दोन शब्द बोलतो आणि जातो. जाफर शेजारीच उभा होता. पण त्याचे डोळे भरले होते, कानांत भुंगा घुमत होता, आणि मन गावाकडे हजराच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं. खलाशी त्याला घेरून विचारत होते, काय झाला, डॉक्टर काय बोलला?

"हवेनं मेला," जाफर म्हणाला.

सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. बार्जच्या मागच्या टोकाला कॉम्प्रेसरपाशी फजल उभा होता, हातात तेलकट फडकं घेऊन. कारण बार्जवर हवा म्हणजे फजल. बाटल्यात हवा भरायचं काम त्याचं होतं, आणि त्या यंत्राला दुसरं कुणी हात लावत नसे.

जाफरनंही त्याच्याकडे पाहिलं. आणि आतापर्यंत नुसता शिरलेला किडा कुरतडायला लागला.

फजल जाफरच्याच गावचा, पण जाफरनं आणलेला नव्हे. तो दुखानच्या तेलाच्या विहिरींवर इंजिनं चालवून आपल्या पायांनी इथे आला होता. अबोल, खाली मान घालून वावरणारा. आणि आठ वर्षांपूर्वी याच फजलच्या घरून हजराला मागणी आली होती. ती परत पाठवली ती दुसऱ्या कुणी नव्हे, जाफरनं. "इंजिनाच्या काजळीत बहीण देऊ काय?" असं तो चारचौघांत म्हणाला होता. हजराचं लग्न नसरुद्दीनशी झालं. फजल तेव्हा काही बोलला नव्हता आणि नंतरही नाही. त्यानं दुसऱ्या कुणाशी लग्नही केलं नाही. हे सगळं जाफर इतकी वर्षं विसरून गेला होता; आता मात्र एकेक गोष्ट आठवून त्याची साखळी ओवायला लागला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं त्याला फजलचं मुकाट असणंसुद्धा काळं दिसू लागलं.

मयत उरकली. त्याच आठवड्यात गावचा इलियास मुंबईच्या बोटीनं घरी निघाला होता. त्याच्याजवळ जाफरनं हजरासाठी निरोप दिला. तोही वितीत बसवलेला. "तिला सांग, फजलच्या हवेनं घात केला." इलियासनं दोनदा विचारलं, एवढाच सांगू? जाफर म्हणाला, एवढाच सांग.

साहेबानं पंधरा दिवस काम थांबवलं होतं. त्यानं नसरुद्दीनचा बाटला सगळ्यांसमोर उघडला. काटा बघितला, निम्म्याहून जास्त हवा शिल्लक होती. नळीवाटे हवा स्वतःच्या तोंडावर सोडून हुंगली, मग नळी दातांत धरून कितीतरी वेळ तीच हवा ओढत बसला. त्याला काही झालं नाही. मग जाफरला समोर बसवून घेतलं आणि त्याच्या सवयीप्रमाणे सुरुवातीपासून सुरुवात केली. हे यंत्र माणसाला कसं मारतं ते त्यानं सांगितलं. हवा संपत आल्याचं माणसाला भान राहत नाही. दोरीत किंवा साखळीत पाय अडकतो. माणूस घाबरतो आणि कमरेचा शिशाचा पट्टा सोडून द्यायचं सुचतच नाही. कुणाचं काळीज आधीच कमजोर असतं आणि त्यानं ते लपवलेलं असतं. कधी कॉम्प्रेसरच्या इंजिनाचा धूर बाटल्यात जातो. त्या विषाला वासही नसतो. आणि कधी माणूस वर येताना श्वास कोंडून धरतो, खोल पाण्यात छातीत दाबून बसलेली हवा वर येता येता फुगते आणि छाती फाडते.

"डॉक्टरला हे शेवटचं वाटतंय," साहेब म्हणाला. "श्वास चालू ठेवायचा, हे तू त्याला सांगितलं होतंस ना?"

"येस सर," जाफर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. साहेबाचं सगळं आपण सांगितलंय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आणि खरं तर साहेबाच्या एवढ्या लांब वाक्यातलं त्याच्या कानात एकच राहिलं होतं: धूर, विष, वास नसतो.

त्याच संध्याकाळी फजल आपण होऊन त्याच्याकडे आला. इतका वेळ बोलत का नव्हता आणि आत्ताच का बोलतोय, हे जाफरनं आधी मनात टिपलं.

"जाफरभाय, साहेबाला एक विचारशील? मी काठावर होतो. नसरुद्दीनचे बुडबुडे मधीच बंद झाले. तो खाली होता तवा येत होते. वर यायला लागला आनि बंद."

"बुडबुडे बंद म्हणजे हवा बंद. हवा कोणाची?"

"हवा होती. काटा तूच बघितलास."

"काटा बसवतो कोण?"

फजलनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "तू माज्यावर काय ठेवायचा ता ठेव. पन साहेबाला एवढा विचार. रहमान उतरायच्या आधी विचार."

समोरून साहेब येत होता. त्यानं विचारलं, हा काय म्हणतोय? जाफरनं उत्तर दिलं, "म्हणतोय, माझी काही चूक नाही, सर." साहेबानं फजलच्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं आणि पुढे गेला. त्या थोपटण्यानं फजलला वाटलं, निरोप पोचला. त्याच्या चेहऱ्यावर थोडं हायसं दिसलं, आणि जाफरला ते हायसं वाटणंसुद्धा खटकलं.

आता रहमानची पाळी होती. साखळी अर्धी सुटलेली, वरून मोठी बोट यायची होती, काम थांबवून चालणार नव्हतं. जाफरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं भावाला परोपरीनं सांगितलं, नको उतरू, ऑफिसात हमाली कर, मी साहेबाशी बोलतो. रहमान ऐकेना. ज्याच्यामागे लहानपणापासून बुड्या मारल्या त्याचं अर्धं राहिलेलं काम दुसऱ्या कुणी केलेलं त्याला खपणार नव्हतं.

"नसरुद्दीनभायची साखळी मीच सोडवनार," तो म्हणाला. "तू हवा बघ. बाकीचा मी बघतंय."

जाफरनं मग हवा बघायला घेतली. म्हणजे फजलला पाण्यात बघायला घेतलं. सकाळी ऑफिसात न जाता तो कॉम्प्रेसरसमोर पिंपावर ठाण मांडून बसू लागला. फजल तेल घालतोय, कुठलं तेल? डब्यावर नाव का नाही? फजल झडपेला कान लावून ऐकतोय, एवढं काय ऐकायचं असतं? एकदा वारा फिरला तसा फजल घाईनं उठला, हवा ओढणारी नळी बांबूवरून सोडली आणि पलीकडच्या बाजूला नेऊन बांधली. जाफर ताडकन उठला.

"नळी का हलवलीस?"

"वारा फिरला. हिकडे धूर येतो."

"आधी येत होता म्हणजे? नसरुद्दीनच्या दिवशी?"

"त्या दिवशी वारा हिकडचाच होता. तवा नळी तिकडेच होती."

उत्तर बिनतोड होतं, आणि बिनतोड उत्तर तयार असणारा माणूस जाफरला त्याहून संशयास्पद वाटला. चोराच्या मनात चांदणं, तो स्वतःशी म्हणाला. खरं तर चांदणं पडलं होतं ते त्याच्याच मनात, पण हे त्याला सांगणार कोण? बार्जवर त्याच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. खलाशी फजलबरोबर जेवेनात. तो आपली थाळी घेऊन इंजिनापाशी बसे. कुणी त्याच्या हातचा चहा घेईना.

रहमान उतरायच्या आदल्या दिवशी उन्हं कलल्यावर, अस्राच्या नमाजानंतर जाफरनं पाहिलं, फजल रहमानला काठाशी उभं करून काहीतरी विचारतोय. तो तरातरा गेला आणि भावाला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"काय विचारत होता?"

"विचारत होता, वर येताना तू काय करतंस म्हनून."

"तुला काय करायचा ता मी सांगनार. त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाय."

मग त्याला एक युक्ती सुचली. त्यानं सगळ्यांना गोळा केलं, रहमानसाठी भरलेला बाटला मधोमध ठेवला आणि फजलला म्हणाला, "ही हवा आधी तू ओढ. आमच्यासमोर." खलाशी हरखले. असा न्याय सगळ्यांना आवडतो. फजलनं फडक्याला हात पुसले, मांडी घालून बसला, नळी तोंडात धरली आणि हवा ओढू लागला. आत, बाहेर. आत, बाहेर. तो सगळा वेळ जाफरकडे पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग असता तर जाफरला बरं वाटलं असतं. राग नव्हता, दमलेपण होतं. शेवटी रहमानच ओरडला, "खलास! पुरे झाला आता." फजलनं नळी काढली, बाटला उचलला आणि कमी झालेली हवा पुन्हा भरायला घेऊन गेला. जाफरच्या मनाला लाज शिवून गेली नाही असं नाही. पण तिला त्यानं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मुरलेला माणूस आहे, तो मनाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र सपाट होता, पाणी इतकं नितळ की शिडीच्या कितीतरी खालची साखळी दिसत होती. तळ बारा वावांवर. फजल सुट्या बाटल्यात हवा भरत होता आणि कॉम्प्रेसरच्या धडधडीत जवळचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. रहमान शिडीवर बसला, कमरेला शिशाचा पट्टा, पाठीला बाटला, छातीला दोरी. क्रॅडॉक साहेब त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला. हातवारे करत त्यानं एकेक गोष्ट सांगितली. या वेळी शेवटची गोष्ट त्यानं तीनदा सांगितली. वर येताना घाई करू नकोस. तुझ्या लहानात लहान बुडबुड्याच्या पुढे जाऊ नकोस. आणि सगळा वेळ श्वास घेत राहा, सोडत राहा, अजिबात थांबवू नकोस.

जाफर रहमानच्या कानाशी वाकला. श्वास घेत राहा, हे काय सांगायचं? श्वास घ्यायचं कुणी विसरतं? पाण्यात श्वास सोडू नये हे ज्याला बापानं चालायच्या आधी शिकवलं, त्याला हा शहाणपणा सांगून पोरगं गोंधळायचं मात्र. मुद्दा एवढाच की सावकाश ये.

"घाई करायची नाय," तो ओरडून म्हणाला. "नसरुद्दीनला सांगितला तसाच तुला सांगतो. दम धरून वर ये."

"दम धरून," रहमान म्हणाला. त्यानं मान हलवली आणि नळी तोंडात घेतली.

"यल्ला, बिस्मिल्ला," कुणीतरी म्हणालं, आणि रहमान पाण्यात गेला.

बुडबुड्यांचा झुबका वर येऊ लागला. येई, थांबे, येई. रहमान खाली जिवंत असल्याची तेवढीच खूण होती. खलाशी तिकडे पाहत होते, साहेब घड्याळाकडे. जाफर समुद्राकडे पाठ करून फजलकडे पाहत होता. काही होणार असेल तर ते इथेच होणार, या माणसाच्या हातून, अशी त्याची खात्री होती. फजलनं मात्र कॉम्प्रेसर बंद केला होता. तो मान उंच करून जाफरच्या खांद्यावरून पाण्याकडे टक लावून होता.

दोरी धरणारा ओरडला, "खेच आली! वर येतोय!"

फजल उठला आणि काठाकडे चालू लागला. जाफर त्याच्या मागोमाग. फजल एकदम किंचाळला, "बुडबुडे! बघ, बुडबुडे बंद!" आणि पायातल्या चपलाही न काढता त्यानं डोकं खाली करून उडी घातली.

जाफर काठावर धावला. पाणी नितळ होतं, सगळं दिसलं. रहमान वर येत होता, सावकाश, सांगितल्यासारखा. गाल केंड माशासारखे फुगलेले. आणि फजल त्याच्यावर तुटून पडला होता. एका हातानं त्यानं रहमानचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हाताची मूठ त्याच्या पोटात मारली. एकदा. पुन्हा एकदा. पांढऱ्या बुडबुड्यांचा मोठा लोट दोघांच्या मधून फुटून वर आला.

"मारतोय! भावाला मारतोय माझ्या!" जाफरनं होडी ओढायची आकडी लावलेली काठी उचलली. फजलचं डोकं पाण्याबाहेर आलं तसा त्यानं जीव खाऊन वार केला. फजलची भुवई फाटली, पाणी लाल झालं. जाफर दुसऱ्यांदा काठी उगारत होता तेवढ्यात साहेबानं त्याला मागून कव घातली आणि फळ्यांवर पाडलं. फजलनं एका हातानं शिडी धरली होती. दुसरा हात त्यानं रहमानच्या पट्ट्यावरून सोडला नव्हता.

दोघांना वर घेतलं. रहमान ओणवा पडून खोकत होता, ओकत होता. मग श्वास लागला, रंग परत आला, आणि त्याबरोबर तोंडही सुटलं. तो फजलवरच भडकला होता.

"याला येड लागलाय! पोटात मारून माजा दम सोडवलान!" मग भावाकडे वळून, शाळेत पहिला आलेल्या पोराच्या अभिमानानं तो म्हणाला, "भाय, मी धरला होता. तू सांगितलास तसा. तळाशी छाती भरून घेतला आनि धरला. मधी वाटला, छाती आता फुटते, तरी सोडला नाय. दम धरून वर ये बोललास ना तू? नसरुद्दीनभायला सांगितलास तसाच?"

काठीवरून पाणी फळ्यांवर टपकत होतं.

जाफर फळ्यांवर पडल्या जागी बसून होता. दम धर. भात कच्चा आहे, दम धर. त्याच्या डोळ्यांसमोर शिडीवरचा नसरुद्दीन आला, काच कपाळावर सरकवलेला, काहीतरी सांगायला तोंड उघडणारा. काय सांगणार होता तो? बहुतेक हेच, याच अभिमानानं. बघ, धरला होता. अख्ख्या खाडीत ज्याच्याइतका दम धरणारा नव्हता त्याला जाफरनं दम धरायला सांगितलं होतं, आणि त्या भल्या माणसानं ते जिवापाड पाळलं होतं.

क्रॅडॉक साहेब त्याच्यासमोर वाकला. "पोरगा काय म्हणतोय, जाफर?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. साहेबाला मराठी कळत नव्हतं, खलाशांना इंग्रजी कळत नव्हतं. इकडचा शब्द तिकडे जायचा तो आजवर जाफरच्याच तोंडून. पोरगा घाबरलाय सर, काहीतरी बरळतोय, एवढं म्हटलं असतं तर साहेबानं खांद्यावर थोपटलं असतं आणि पुढे गेला असता. फजल भुवईवर तेच तेलकट फडकं दाबून बसला होता. रक्त त्याच्या मनगटावरून ओघळत होतं. त्यालाही आता सगळं कळलं होतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यानं जाफरवरची नजर काढून समुद्राकडे वळवली.

जाफरनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वाक्य लहान केलं नाही. दम म्हणजे श्वास, सर. आणि दम धरणं म्हणजे धीर धरणंही. मी धीर धर म्हणालो. त्यानं श्वास धरला. तुम्ही श्वास सोडत राहा म्हणाला होतात ते मी सांगितलंच नाही. आणि हा माणूस बुडबुड्यांचं विचारत होता, तेही मी तुम्हाला सांगितलं नाही.

साहेबानं विचारलं, "आणि पहिल्याला?"

"हेच शब्द, सर."

साहेब उठला आणि फजलपुढे जाऊन उभा राहिला. त्यानं खिशातला स्वच्छ रुमाल काढून त्याच्या हातातल्या फडक्याच्या जागी ठेवला.

खलाशी कुजबुजू लागले. काय बोलला साहेबाला? जाफरभाय, काय झाला? जाफर उठून उभा राहिला. इंग्रजीत बोलणं सोपं गेलं होतं. मराठीत हजरा होती, तिच्या दारात पोचलेला इलियास होता, आणि फजलच्या हातचा न प्यायलेला चहा होता.

"नसरुद्दीनला फजलच्या हवेनं नाय मारला," तो म्हणाला. "माज्या बोलन्यानं मारला." आणि मग त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. रहमान ऐकता ऐकता तोंडावर हात ठेवून रडायला लागला.

बोलणं संपल्यावर जाफर फजलजवळ गेला. त्याचे पाय धरायचे की हात धरायचे हे त्याला कळेना, म्हणून तो नुसताच त्याच्याशेजारी फळीवर बसला. फजलनं रुमाल भुवईवरून काढून रक्त थांबलंय का ते पाहिलं.

"इलियास पोचला असेल आता गावात," फजल म्हणाला. "हजराला काय कळवनार?"

जाफरच्या ओठांवर सवयीनं एक छोटं वाक्य आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"सगळा," तो म्हणाला. "एक शब्द न गाळता."